नजर ठेवणाऱ्या बाकाची जबानी

मी बाक बोलतोय. अमेरिकेच्या उत्तरेतल्या टॅमरॅक गावच्या शाळेतला, साहित्याच्या वर्गात खिडकीकडून दुसरा. पण आधी डोळे इकडे ठेवा बघू. तुम्ही खरंच ऐकताय की नुसती मान हलवताय, याचा मला भरवसा नाही. रागावू नका, मला घडवलंच त्यासाठी.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. अंग मेपलच्या लाकडाचं, पाय लोखंडी आणि कपाळावर, म्हणजे फळीच्या वरच्या कडेला, बसणाऱ्याच्या तोंडावर रोखलेला मसुराएवढा एक डोळा, शेजारी दिवा आणि आकड्यांची पट्टी. तेव्हा मुलांचे निबंध यंत्रं लिहून द्यायची आणि मास्तरांच्या वतीनं दुसरी यंत्रं ते तपासायची. मध्ये माणूस कुठं नव्हताच. मग कुणीतरी शहाणा म्हणाला, लिहिण्याचं जाऊ द्या, पोरं वाचतात का तेवढं तरी पकडा. म्हणून वर्गात छापील पुस्तकं परत आली आणि त्यांच्यामागोमाग आम्ही बाक आलो.

काम सोपं होतं. पोरानं पुस्तक उघडलं की मी त्याच्या बुबुळांकडे बघायचं. बुबुळं ओळीवरून सरकली, पुन्हा मागं येऊन खालच्या ओळीवर उतरली, की झालं वाचन. हिरवा दिवा. एका जागी थांबली किंवा खिडकीबाहेर गेली, की लाल. पुस्तकात काय लिहिलंय ते मला दिसत नाही. माझा डोळा चेहऱ्याकडे असतो, पानाकडे नाही; पान उलटलेलं तेवढं सळसळीवरून कळतं. त्याची मला कधी गरजही वाटली नाही.

सगळ्यांवर माझा संशय. पोरं हसली, की वाटे माझ्यावरच हसताहेत. बाक पुसायला आलेला माणूस डोळ्यावरून फडकं जरा जास्त वेळ फिरवायचा, तिथंही मला पाणी मुरतंय असं वाटायचं. माझ्या पोटाखाली चघळलेल्या च्युइंगमच्या गोळ्या चिकटवल्यात, त्या कुणी चिकटवल्या तेही मला ठाऊक आहे.

आठवड्यात तीन लाल झाले, तर त्या शुक्रवारी सामना खेळायचा नाही. हे आमच्या गावात फार मोठं. इथं सहा महिने बर्फ आणि बर्फावर हॉकी. नापासाला खेळ नाही, हा नियम या पोरांच्या पणजोबांच्या काळचा. फक्त आता नापास कोण, ते मी ठरवायचो. रोज बारा वाजता माझे आकडे आपोआप सामन्यांच्या मंडळाकडे जायचे, त्याआधी मुख्याध्यापकांनी बदलले तरच बदलले. मला त्याचा काय तो ताठा!

माझ्यापुढे आयला नीमेला बसायची. शाळेचं शेवटचं वर्ष, मुलींच्या संघाची गोलरक्षक. त्या शुक्रवारी विभागाचा अंतिम सामना होता. लहानपणापासून ती ज्याची वाट बघत होती तो, आणि जिंकली तरी हरली तरी तिचा शेवटचा. सोमवारी तिनं पुस्तक उघडलं, दीड पान वाचलं आणि थांबली. तास संपेपर्यंत पान उलटलं नाही. लाल. मंगळवारी पुन्हा तेच. लाल. बुधवारी साडेअकराच्या तासाला तर ती पानावरून मान उचलून भिंतीकडेच बघत बसली. तिसरा लाल. मी मनात म्हटलं, सापडलीस बाई.

शेजारच्या बाकावर ब्रॉडी झुपान बसायचा. त्याला रोज हिरवा, वाचनाचे अठ्ठ्याण्णव टक्के. तो तिच्याकडे वाकून कुजबुजला, "अगं ए येडे, कितीदा सांगितलं, डोळे सरकव आणि डोकं घरी ठेव! मी सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यापासून एक ओळ वाचली नाहीये."

हे मी ऐकलं, पण मानलं नाही. फुशारकी मारतोय, म्हटलं.

ते आमच्या हाल्वरसनबाईंच्याही कानावर पडलं, त्यांनी मात्र मानलं. बत्तीस वर्षं साहित्य शिकवलेली बाई. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून माझाही त्यांच्यावर नव्हता. त्यांनी मुख्याध्यापक टॉर्विकना निरोप धाडला, "आत्ताच्या आत्ता वर्गात या." ते आले सव्वा बाराला. सामन्याच्या सभेत अडकले होते.

"बाई, दोनशे पानांचं पुस्तक आहे. तीन दिवसांत दीड पान? याला वाचन म्हणायचं?" टॉर्विक म्हणाले.

"तिलाच विचारा की."

आयलाचे कान लाल झाले होते. तिनं पुस्तक छातीशी धरलं. मग म्हणाली, "सर, या गोष्टीतल्या बाईचा नवरा खाणीवर गेलाय, तो परत आलेला नाही. ती रोज त्याचं ताट मांडते. तो येत नाही. मग ती ते ताट धुते. कोरं, स्वच्छ ताट धुऊन ठेवते. मला कळेचना, कशाला?"

"बरं, मग?"

"आमचे बाबा दोन वर्षांपूर्वी दूर नेवाडाला निघून गेले. घरापुढे दोन मोटारींची जागा आहे. आई रोज सकाळी दोन्ही जागांवरचा बर्फ खोऱ्यानं ओढते. मी तिच्यावर ओरडायचे. म्हणायचे, येणार नाहीयेत ते, कमरेचा काटा ढिला होईल तुझा! काल तिच्या आधी उठले आणि दोन्ही जागा मीच साफ केल्या." तिनं पुस्तकाकडे बघितलं. "पुढचं पान उलटायचं धाडसच होत नाहीये, सर. त्यात तो आला तर? आणि नाही आला तर?"

टॉर्विकनी चष्मा काढून पुसला. पण नियमाचा माणूस! म्हणाले, "मला पटतंय गं. पण यंत्र तर लाल दाखवतंय."

"दाखवते ना तुम्हाला यंत्र," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून आपल्या आजीचं फिनिश भाषेतल्या भजनांचं पुस्तक काढलं. त्यातलं एक अक्षर त्यांना येत नाही. गावात आता ती भाषा येणारं कुणी उरलेलंच नाही. बाई माझ्यापुढे बसल्या, पुस्तक उघडलं आणि बुबुळं शिस्तीत सरकवू लागल्या. पाच मिनिटांनी त्या म्हणाल्या, "माझी रात्रीच्या जेवणाची, हॉटडिशच्या सामानाची, मनातल्या मनात यादी झाली. बटाटे, कांदे, खिमा आणि मटार. बघा तुमचा बाक काय म्हणतो ते."

माझा हिरवा लागला होता. सत्त्याण्णव टक्के. खाली शेराही दिला होता, 'सखोल वाचन'.

सगळा वर्ग हसला. माझं नाकच कापलं गेलं. मी आयुष्यभर डोळ्यात तेल घालून पहारा केला आणि चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. त्या क्षणी मला दुसरा कुणी नाही, मीच लबाड वाटलो.

टॉर्विकनी तिथूनच सामन्यांच्या मंडळाला फोन लावला. बराच वेळ ते "हो, पण" "हो, पण" करत राहिले. मग फोन ठेवला.

"आकडे बारा वाजता आपोआप गेलेत. ते म्हणतात, माणसं आपल्या पोरांना झुकतं माप देतात, म्हणूनच तर बाक बसवले. बाकाचा आकडा शेवटचा."

"पंधरा मिनिटं, साहेब!" बाई ओरडल्या. "पंधरा मिनिटं उशीर केलात तुम्ही!"

आयलानं पुस्तक मिटलं आणि दप्तरात घातलं. मला वाटलं होतं ती मला लाथ घालेल. घातली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी तिच्या जागी नववीतली पोर उभी राहिली. पाच गोल खाल्ले, असं मी पोरांच्या बोलण्यातून ऐकलं. आयला शाळेचं जाकीट घालून बर्फाच्या मैदानाच्या काचेमागे बसली होती म्हणे, शेवटपर्यंत.

सोमवारी ती आली, माझ्यापुढे बसली आणि पुस्तक उघडलं. बुबुळं सरकू लागली. डावीकडून उजवीकडे, मागं, खाली. पान उलटलं. पुन्हा तसंच. कुठं अडखळणं नाही की खिडकीकडे बघणं नाही. मी ते डोळे तीन दिवस पाहिले होते. यात ती नव्हती.

बाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "आयला?"

"वाचतेय ना, बाई," ती म्हणाली. "बघा, हिरवा आहे."

माझा करार अजून तीन वर्षांचा आहे, म्हणून मी इथंच उभा आहे. रोज हिरवा लागतो. अठ्ठ्याण्णव टक्के. दिवा विझवणं माझ्या हाती नाही, तो खोटं बोलतोय हे ओरडून सांगायला तोंड नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्या पोरांच्या शाळेत असला डोळ्याचा बाक आला, तर त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावा, आणि एखादं पोर एकाच पानावर अडून बसलं तर त्याला बसू द्या. ही पोरगी माझ्यापुढे तीन दिवस खरंखुरं वाचत होती. ते मीच थांबवलं.