विश्रांतीचं पत्र

मी कागद वाचणारा माणूस आहे. दुबईत अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात आमची बांधकाम कंपनी आहे, तिथे अठरा वर्षं अ‍ॅडमिनमध्ये पत्रं टाइप करतोय. सही मॅनेजरची, भाषा माझी. त्यामुळे कुठलंही पत्र हातात आलं की त्यात काय लिहिलंय ते मी नंतर बघतो. आधी बघतो, काय लिहायचं टाळलंय.

२००२च्या एप्रिलमध्ये अमेरिकेहून फॅक्स आला, तेव्हाही मी तेच केलं.

आमची मरिसा बारावीला होती. सहा फुटाला दोन बोटं कमी. बास्केटबॉल खेळते म्हटल्यावर वसईतली आमची सगळी नातेवाईक मंडळी तिच्या लग्नाची काळजी करायची. पण शारजात एक उन्हाळी शिबिर झालं होतं, तिथे अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजच्या कोचबाईने तिला पाहिलं आणि शिकायला ये म्हणाली. फी, राहणं, जेवण सगळं कॉलेजचं, बदल्यात चार वर्षं त्यांच्या टीमकडून खेळायचं. ऑगस्टमध्ये निघायचं होतं. मी चर्चच्या पायऱ्यांवर निम्म्या दुबईला सांगून मोकळा झालो होतो. आणि मार्चमध्ये शाळेच्या मॅचमध्ये मरिसा उडी मारून खाली आली ती उजवा गुडघा धरूनच. आतलं लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा आणि नऊ महिने कोर्टावर पाय नको.

माझी बायको सेलिन क्लिनिकमध्ये रिसेप्शनिस्ट आहे. तिने मला न विचारता कोचबाईला सगळं कळवून टाकलं. त्याचं उत्तर म्हणून हा फॅक्स.

"आम्हाला तुझी काळजी वाटते," कोचबाईने लिहिलं होतं. "पहिला सीझन तू खेळू नयेस असं आम्ही सुचवतो. ऑपरेशन कर, विश्रांती घे. तू आमच्या टीमचाच भाग आहेस." त्याला तिकडे रेडशर्ट म्हणतात म्हणे. वर्षभर मॅच खेळायची नाही, टीमबरोबर राहायचं, फी कॉलेजच भरणार, आणि खेळायची चार वर्षं शाबूत.

मी पत्र तीनदा वाचलं.

हे पत्र मला पाठ होतं. मीच तर लिहीत आलो होतो ते. आमच्या कंपनीत कुणी जायबंदी झाला की त्याला काढत नाहीत. तसं केलं तर काढल्याचा कागद होतो, भरपाई द्यावी लागते. त्याला 'लाँग लीव्ह' देतात. "कंपनीला आपल्या प्रकृतीची काळजी आहे. गावी जाऊन विश्रांती घ्यावी. कंपनी आपल्याला बोलावून घेईल." माणूस खूश होऊन पेटी बांधतो. सहा महिने देशाबाहेर राहिला की व्हिसा आपोआप खलास. गुहागरकडचा दगडू खांदा मोडून असाच गेला, जाताना माझ्यासाठी काजूची पिशवी ठेवून गेला. वर्षभर फोन करायचा, "बाप्टिस्टसाहेब, माजं बोलावणं आलं का?" मी म्हणायचो, इन्शाल्ला, येईल. एवढ्या वर्षांत एकालाही परत बोलावलेलं मी पाहिलेलं नाही.

"यात पाणी मुरतंय," मी सेलिनला म्हणालो.

"कसलं पाणी? किती चांगलं लिहिलंय तिने!"

"तेच तर! इतकं चांगलं लिहायची गरज का पडली? आणि न खेळणाऱ्या मुलीला वर्षभर कोण पोसतं? इथे एक दिवस सुट्टी मागितली तर तोंडं वाकडी होतात. 'सुचवतो' लिहिलंय बघ. 'हमी देतो' कुठे आहे? गोड बोलून काटा काढायचा प्रकार आहे हा."

"विन्स्टन, ते कॉलेज आहे. तुझी कंपनी नाही."

"कागद सगळीकडे सारखेच असतात."

मरिसा सोफ्यावर गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसली होती. मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"आय डोन्ट माइंड सिटिंग आउट," ती म्हणाली. "इट हर्ट्स, डॅडी."

तिचं ते शेवटचं वाक्य मी ऐकलं. ऐकलं नाही असं आता म्हणता येणार नाही. पण डोक्यात एकच होतं. हिने एकदा बसते म्हटलं की ती कायमची बसली. मग अल कुसैसच्या याच फ्लॅटमध्ये, कुणाच्या तरी ऑफिसात पत्रं टाइप करत. माझ्यासारखी.

त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिसा झाल्यावर सेलिन ड्यूटीवर गेली. मी ऑफिसातल्या विघ्नेशचा कॅमकॉर्डर मागून आणला आणि मरिसाला शाळेच्या कोर्टवर नेलं. वॉचमन हमदुल्ला ओळखीचा होता, त्याने फाटक उघडून दिलं.

"इज धिस फॉर कोच?" मरिसाने विचारलं.

"नाही गं. आपल्या आठवणीसाठी. थोडंसंच."

गुडघ्याला पट्टा होता, तो दिसू नये म्हणून मी तिला ट्रॅकपँट घालायला लावली होती. तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. आठवणीसाठी पट्टा कशाला झाकायचा, हे तिला कळलं असणारच. तरी तिने बॉल घेतला, धावली, उडी मारली. मी म्हटलं, अजून एक. ती परत धावली. दुपारची वेळ, सिमेंट तापलेलं, तिचा चेहरा पांढरा पडत चाललेला. मी कॅमेऱ्यातून बघत होतो, त्यात चेहरा लहान दिसतो. "यल्ला, चल, शेवटचा," असं मी चारदा म्हणालो.

गाडीत बसताना तिने पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिला शवर्मा खायचा का विचारलं, ती नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी मरिसाच्या नावाने पत्र लिहिलं. गुडघा पूर्ण बरा आहे, ऑपरेशनची गरज नाही, पहिल्याच सीझनला खेळायला तयार आहे. सहीसुद्धा मीच केली, तिच्या वहीवरून बघून. पत्र आणि कॅसेट कुरियरने धाडून दिली. घरात ताकास तूर लागू दिली नाही. आता कोचबाईची पंचाईत होईल असं मला वाटत होतं. मुलगी ठणठणीत आहे म्हटल्यावर कुठल्या तोंडाने बसवणार? बसवलंच, तर तिच्या मनातलं बाहेर पडेल. मी स्वतःवर खूश होतो.

दहा-बारा दिवसांनी, संध्याकाळी सहाच्या सुमारास घरचा फोन वाजला. तिकडे सकाळ होती. कोचबाई स्वतः बोलत होती. आवाज शांत. इंग्रजीतलं तिचं बोलणं मी माझ्या शब्दांत सांगतो.

"मिस्टर बाप्टिस्ट, कॅसेट बघितली. मरिसाने अकरा उड्या मारल्या आणि अकराही वेळा डाव्या पायावर उतरली. का बरं?"

"सवय आहे तिची," मी म्हणालो.

"शारजात नव्हती." ती म्हणाली. "आणि हे पत्र. 'द अंडरसाइन्ड बेग्ज टू कन्फर्म.' शेवटी 'काइंडली डू द नीडफुल.' मिस्टर बाप्टिस्ट, सतरा वर्षांची मुलगी असं लिहिते?"

गेली अठरा वर्षं मी प्रत्येक पत्राचा शेवट असाच केला होता. दुसऱ्या तऱ्हेने पत्र संपवता येतं हे मला त्या दिवशीही सुचलं नव्हतं.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "हे पत्र कुणाचं? दुखणं लपवून कॉलेजला खोटं लिहिणाऱ्या खेळाडूला मी टीममध्ये घेत नाही. तिचं असेल, तर विषय इथेच संपला."

बघा म्हणजे! मला वाटलं, हाच तो सापळा. 'माझं' म्हणालो तर बापानेच फसवलं हे कारण तिच्या हातात. 'तिचं' म्हणालो तर पोरगी गेली. काही न बोलता फोन ठेवून द्यावा, असंही मनात येऊन गेलं. सेलिन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण माझा चेहरा बघून बरंच कळलं असावं. मरिसा तिच्यामागे, भिंतीला धरून. चालताना ती आता भिंत धरत होती. शुक्रवारच्या आधी धरत नव्हती.

"माझं," मी म्हणालो. "पत्र मी लिहिलं. सही मी केली. तिला माहीतही नाही."

ती म्हणाली, "तुम्ही आत्ता तरी खरं बोलताय हे मला कसं कळणार? कदाचित तिला वाचवत असाल. फोन मरिसाला द्या. आणि तुम्ही कृपा करून खोलीबाहेर जा."

आयुष्यात माझ्यावर कुणी असा संशय घेतला नव्हता. संशय घेणं हे माझं काम होतं. मी रिसीव्हर मरिसाच्या हातात दिला, दार उघडलं आणि जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो. शेजारच्या घरातून मासे तळल्याचा वास येत होता. लिफ्टमधून कुणीतरी सामान घेऊन बाहेर आलं, माझ्याकडे बघून हसलं. मीही हसलो. दाराला कान लावायचा मोह होत होता. लावलाही. आतून मरिसाचा आवाज येत होता, हळू, मध्येच थांबणारा, पण शब्द एकही कळत नव्हता. लाज वाटली तसा मी बाजूला झालो, आणि मग परत लावला.

पंधरा-वीस मिनिटांनी दार उघडलं. मरिसाचे डोळे लाल होते.

"काय म्हणाली?"

"शी आस्क्ड, इज एनीवन मेकिंग यू प्ले?"

"मग?"

"आय सेड येस."

ती हे ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. पण ती दमलेल्या माणसासारखं बोलली, आणि मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि ती घेऊ देणार नाही हेही कळलं.

"आणि जागा?" सांगायला शरम वाटते, पण हाच प्रश्न तोंडून निघाला.

"आहे. आय सिट आउट वन इयर. सर्जरीसुद्धा दे विल डू. शी इज सेंडिंग अ फॉर्म." तिने नाक पुसलं. "पेरेंटची सही लागते त्याच्यावर."

"करतो ना. आला की लगेच करतो."

"मम्मीची," मरिसा म्हणाली. "तुमची नको."

आता काय सांगू, तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात तेच आलं. बघा, बाई माझ्यावर राग काढतेय. मी म्हणालो, "असं म्हणाली ती? कोच? बापाची सही चालणार नाही म्हणून?"

"नो, डॅडी," मरिसा म्हणाली. "दॅट वॉज मी. आय आस्क्ड हर."