वानेरीचा सोमवार

मित्रांनो, नाक मुरडू नका! बदामाएवढी का असेना, वानेरी गाईच्या पोटातली मी जुनी बीजग्रंथी. पुस्तकात मला अंडाशय म्हणतात. दुबलगुंडीत काशप्पांच्या गोठ्यात, निजामी संपून चार वर्षं झाली तेव्हाची ही गोष्ट.

माझं काम फुटण्याचं. कधी माझी पाळी, कधी पलीकडल्या बहिणीची. अंगावर पाण्याचा फोड टरारतो, गाय माजावर येऊन हंबरते आणि दुसऱ्या दिवशी फोड फुटून बीज बाहेर पडतं. जखमेत रक्त साकळतं, तिथेच पिवळी गाठ धरते. गर्भ राहिला तर ती त्याला सांभाळते. नाही राहिला, तर गर्भाशयच तिचा जीव घेतं आणि एकविसाव्या दिवशी नवा फोड तयार.

आता ऐका काशप्पांचं शहाणपण! वानेरी माजावर यायची सोमवारी. सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा, त्या दिवशी बैल जुंपत नाहीत, म्हणून ते गाय वळूलाही दाखवत नसत. मंगळवारी माज उतरलेला. वानेरी वळूला उभी राहीना. मग काशप्पा तिला काठीने बडवायचे. बाहेर बरगड्या वाजायच्या, आत मी नाहीतर बहीण फुटायची. असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा त्यांनी विळा लाल करून तिच्या मांडीवर डाग दिला. कातडं जळालं, ती कोसळली. माझा नुसता संताप झाला, पण मला कुठे हात आहेत?

"भाकड हाय. येत्या बाजारी हुमनाबादला कसायाला देतो," काशप्पा म्हणाले.

त्यांच्या बायकोने, मल्लव्वांनी, गुरांचा डॉक्टर बोलावला. त्याला तिकडे सलोत्री म्हणतात. त्याने आत हात घालून मला चाचपलं.

"पिवळी गाठ हाय की! भाकड कामून म्हनायलाव? माजावर कवा येते?"

"दर खेपंला सोमवारी," मल्लव्वा म्हणाल्या.

"येनारच. एकवीस दिवस म्हंजी तीन आठवडे. सोमवारीच सांजच्याला दाखवा."

"पाप लागंल!" काशप्पा गुरगुरले.

"आन् हिला डागलाव, ते पाप न्हाई व्हय?"

पुढच्या सोमवारी मल्लव्वांनीच दावं सोडलं. दारात काशप्पा काठी उगारून उभे.

"मारा की! आदी मला मारा."

काठी खाली आली, ती जमिनीवर.

या वेळी गर्भ राहिला, पिवळी गाठ मेली नाही. नऊ महिने मी फुटले नाही. काळ्या तोंडाची कालवड झाली, तसे काशप्पा हरखून पेंड घेऊन आले. त्यांची चाहूल लागताच वानेरी कालवडीला आपल्या अंगाआड घेऊन थरथरू लागली. त्यांच्या हातातली पेंड तशीच राहिली.

मित्रांनो, मुक्या जनावरावर हात उगारण्याआधी दिवस मोजा. माझ्या जखमा एकवीस दिवसांत भरतात. तिच्या मांडीवरची अजून भरलेली नाही.