मामी आणि बिजलीचं घुंगरू

मामीची आठवण येते ती नेहमी घुंगराच्या नादातून. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन सीताफळीच्या पानांवरून बिरसी गावातल्या घराच्या अंगणात उतरू लागलं, की ओसरीवरच्या दांडीवर बसलेली बिजली सर्वांगाची पिसं फुलवून एकदाच झडझडून घ्यायची. तिच्या पायातलं घुंगरू खणखणायचं आणि चुलीपुढे बसलेल्या मामीच्या मुद्रेवर दिवस उजाडायचा. बिजली म्हणजे मामांची शिक्र्याची मादी. मामा मालगुजाराचे शिकारी पक्षी सांभाळत. मालगुजारी गेली, मालक नागपूरला निघून गेले, आणि पिवळ्या डोळ्यांची ही एक ठिणगी आमच्या घरी राहिली. तिच्यासोबत तिची बसायची, मालकांची पितळी दांडीही आली. मामा ती चिंचेने घासून समईसारखी लखलखीत ठेवत.

“सवत आणली, तेही मांस खाणारी,” असं म्हणून मामी मामांना चिडवायची. तिने बिजलीला कधी हात लावला नव्हता. पण कान मात्र सदैव ओसरीकडे असत.

एका वैशाखात तो नाद बिघडला. सकाळची भरघोस खणखण थांबली आणि दिवसभर एक बारीक, बेचैन किणकिण ऐकू येऊ लागली. बिजली खात होती, तिचे डोळे तेजस्वी होते, म्हणून मामांना काहीच वावगं वाटेना.

“बिजली सारखी पाय बदलवून रायली जी,” मामी म्हणाली.

“मालकाची याद येऊन रायली तिले.” मामांचाच स्वर ओला झाला होता.

“याद तळव्यात सुजते का जी?”

मामांनी बिजलीला शेल्यात गुंडाळून तिचा पाय उलटा केला, तर तळव्याच्या मधोमध लालसर, टणक गाठ. कितीतरी दिवसांची असावी. पाय गेला की शिक्र्याचं जगणंच गेलं. मामांचा चेहरा उतरला. मामीने आपला तळहात पुढे केला. दळून दळून त्यावर घट्टा पडला होता.

“एकाच जागी एकच दाब. माह्या हाताले जात्याचा खुंटा, तिच्या पायाले तुमची पितळ.”

इतक्या मायेने चकाकवलेली ती दांडी त्याच दिवशी माळ्यावर गेली. तिच्या जागी बिजलीला बसायला बाभळीची फांदी आली आणि तिला मामीने धानाच्या तणसाची मऊ दोरी गुंडाळली. हळूहळू जडलेलं दुखणं जातंही हळूहळूच. सारा पावसाळा कडुलिंबाच्या कोमट पाण्यात तो पाय शेकण्यात गेला. बिजली मामीचा अंगठा फोडायची, मामी तिला सासूसारखी बोल लावायची, आणि मामा दोघींच्या मध्ये शहाण्यासारखे पाण्याचं भांडं धरून बसत.

दिवाळीच्या सुमारास, हलकं धान कापणीला आलं असताना, एका सकाळी ओसरीवर घुंगरू पूर्वीसारखं खणखणलं. मामी पळी टाकून धावली. मामा हसत होते आणि रडतही होते. बिजली दुखऱ्या पायावर सगळा भार देऊन, दुसरा पाय पोटात घेऊन, पिसं फुलवून, राणीसारखी बसली होती. चुलीवरची पेज उतू गेली.

आज मामा नाहीत, मामी नाही. बिजली तर केव्हाच गेली. तरी कापणीच्या दिवसांत कुठे बैलाच्या गळ्यातलं घुंगरू वाजलं, की माझे पाय आपसूक त्या ओसरीकडे वळतात आणि रिकाम्या फांदीपाशी थबकतात. याद तळव्यात सुजत नाही, हे मामीचं खरं. पण ती पायांतच मुक्कामाला असते, एवढं तिला सांगायचं राहून गेलं.