खाकरेआजोबांची पावती

"पेटीत टाकलेल्या पैशांना पावती नसते, बाबा. आणि पावती नाही तर करात सूट नाही," सून म्हणाली. मांडीवर बाळ, समोर सासऱ्यांचे कराचे कागद.

सासरे दर शनिवारी अंध मुलांच्या शाळेत गोष्टी वाचायला जात. निघताना दाराजवळच्या दानपेटीत हळूच पाकीट सरकवत. शाळेत कुणाला पत्ता नसे. पान उलटण्याआधी खाकरायची त्यांना सवय, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं खाकरेआजोबा.

"राहू दे गं. सरकारचं भलं होऊ दे."

"सरकार काय आपला जावई आहे, एवढे लाड करायला? या वर्षी चेक द्या. एवढं माझं ऐका."

त्यांनी ऐकलं. तिचा शब्द ते सहसा मोडत नसत. सही-शिक्क्याची पावती आली, तिने ती फाइलला लावली, आणि घराला हातभार लावल्याचं तिला केवढं समाधान वाटलं.

पुढच्या शनिवारी सासरे लवकर परतले.

"आज ऑफिसात बसवलं. कपबशीतून चहा. मग मुख्याध्यापिकाबाईंनी मुलांना सांगितलं, हे आपले मोठे देणगीदार. सगळी उठून उभी राहिली."

"मग चांगलंच की!"

"एरवी मी राक्षसाचा आवाज काढला की मुलं ओरडायची, आजोबा, हा कसला राक्षस, हे तर मांजर! ती बाही ओढणारी चिमुरडी, तिला आज कुणीतरी मागे घेतलं. मी खाकरलो तर एकही हसलं नाही गं. पाणी आणून दिलं."

त्यानंतरच्या शनिवारी त्यांचे गुडघे दुखत होते. पुढच्या वेळी ऊन फार होतं. मग त्यांनी कारण सांगणंच सोडलं.

तिने गुपचूप शाळेत फोन लावला. "त्यांचं नाव कुठे घेऊ नका, प्लीज."

"अहो, असं कसं?" मुख्याध्यापिकाबाई मनापासून म्हणाल्या. "भिंतीवर पाटी लावलीय. ब्रेलमध्येसुद्धा. मुलं रोज येता-जाता हात फिरवून वाचतात."

तिने फोन ठेवला आणि बाहेर आली. "बाबा, चुकलंच माझं."

"तुझं काय चुकलं? तू नियमानं केलंस." बाळाला मांडीवर घेऊन ते गोष्ट वाचत होते. पान संपलं, ते खाकरले. बाळ दचकलं, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं आणि खुदकन हसलं.

त्यांनी पान उलटलंच नाही. पुन्हा खाकरले. पुन्हा.