इथल्या अनुभवाची अट

वाचनालयात सहायक ग्रंथपालाची जागा रिकामी होती आणि ग्रंथपालबाईंच्या डोक्याला ताप झाला होता. अर्जदारांत सगळ्यांत उजवी होती ती परदेशातून आलेली, तिकडे कित्येक वर्षं ग्रंथपाल असलेली एक बाई. सध्या ती बिस्किटांच्या कारखान्यात खोकी भरत होती. पण अट होती, इथल्या वाचनालयातला दोन वर्षांचा अनुभव! शेवटी महिनाभर ठेवून बघू, असं ठरलं आणि तिनं कारखान्यातून महिन्याची रजा घेतली.

आठवडाभरातच ग्रंथपालबाई वैतागल्या. नव्या बाईच्या देशात वाचक कपाटांपर्यंत जात नसत, ग्रंथपालच पुस्तक आणून हातात देत. इथे ज्याचं त्यानं शोधायचं. पण दारात कोणी दिसलं की ही उठलीच. "काय आवडतं तुम्हाला?" असं मोडक्यातोडक्या भाषेत विचारायची आणि पुस्तक घेऊन हजर व्हायची. इकडे तिच्या टेबलापाशी रांग लागायची.

"तिला इथली पद्धतच ठाऊक नाही," ग्रंथपालबाई घरी कुरकुरल्या. "उद्या वाचनालयाच्या समितीला नाही म्हणून सांगते. पुन्हा खोकी भरत बसेल बिचारी, पण मी तरी काय करू?"

सासूबाई पुस्तकात डोकं खुपसून बसल्या होत्या. सुनेला नवल वाटलं.

"हे कुठून आणलंत?"

"तुझ्याच वाचनालयातून. एवढी कपाटं बघून मी बावरते, म्हणून कधी यायचेच नाही. आज तिनं दारातच विचारलं. म्हटलं, प्रवासाचं काहीतरी दे."

सुनेनं पुस्तक हातात घेऊन चाळलं.

"आणि पद्धतीचं म्हणशील, तर तू तरी काय शिकून आली होतीस? पहिल्याच दिवशी टाकीचा नळ उघडा ठेवून अख्खा जिना धुऊन काढलास. या घरातला दोन वर्षांचा अनुभव असलेलीच सून हवी, असं मी म्हटलं असतं तर?"

ग्रंथपालबाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांना स्वतःची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीला अट काढायला लावली.

"मग तिला इथलं शिकवणार कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी. संगणकावरच्या नोंदी मी शिकवते. वाचकाची भीड कशी मोडायची, ते आम्ही तिच्याकडून शिकू."

निकाल ऐकून नव्या बाईनं हळूच विचारलं, "म्हणजे कारखान्यात सांगू, येत नाही म्हणून?"

"आत्ताच सांगा," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

मंडळी, दूर देशाहून आलेलं माणूस आपलं कसब बरोबर घेऊन येतं. इथला अनुभव मात्र त्याला आपणच द्यायचा असतो. तेव्हा तुमच्याकडे असं कोणी आलं, तर आधी त्याला खुर्ची द्या आणि शेजारी बसून शिकवा.