चाळिसावं मिनिट

टेबलावर चार ट्रे होते, प्रत्येकात सोळा रोपं, म्हणजे चौसष्ट. त्यांतली पाच मेलेली, दोन पिवळी, धडधाकट सत्तावन्न. खिडकीखाली सहा खोके, सूक्ष्मदर्शक एक, लोखंडी स्टँड एक. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे. जेबानं हे सगळं वहीत टिपलं आणि वर लिहिलं: अकोला, ९ ऑगस्ट २००७. मग अकरा वाजून वीस मिनिटांनी एका रोपाचं पान कापून तिनं जिवाणूच्या प्रथिनाच्या पाण्यात बुडवलं.

"आता चाळीस मिनिटं थांबायचं, काका."

"मंग काय होईन?" देवरावांनी विचारलं. प्रयोगशाळेतले ते जुने मदतनीस; रोपांना पाणी त्यांच्याच हातचं.

"पेशीच्या कडेला हिरवी रेघ दिसते ना, ती घंटा समजा. जिवाणू आला की वाजते. वाजली की पेशी ती घंटाच आत ओढून घेते, मग रेघेऐवजी आत ठिपके दिसतात."

"वाजवनाऱ्याले सोडून घंटीच गिळते?"

"नाही गिळली तर वाजतच राहते. मग कधी कधी पेशी स्वतःलाच मारून टाकते."

"माह्या सासऱ्याले शिकवा हे कोनी, एकदा वाजला का थांबतच नाही," देवराव म्हणाले.

जेबा हसली, पण डोळा घड्याळावर होता. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकणाऱ्या या रोपांचं बी परदेशातून टपालानं आलं होतं, चिमूटभर. आधीच्या दोन खेपा उन्हानं मारल्या. ही शेवटची. आजचं मोजमाप हुकलं तर शिक्षण थांबवून अमरावतीला, राजापेठेत अब्बूंच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरलेलं होतं.

पावणेबाराला तिनं पानाचा तुकडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. तेवढ्यात आवारात आरडाओरडा झाला.

न उगवलेल्या बियाण्याची तक्रार घेऊन शेतकरी सकाळपासून शेजारच्या कृषी कचेरीत आले होते. तिथं कुणी भेटलं नाही. परतताना एकाला खिडकीतून ते सहा खोके दिसले. रोपांना सावली करायला देवरावांनीच ते बाजारातून उचलून आणले होते. खोके रिकामे, पण त्यांवर नाव ते बियाणं विकणाऱ्या कंपनीचंच.

"अबे, इथंच लपवून ठेवलं बोगस बी! इथंच बनवून राहिले!"

दार लाथेनं उघडलं. पुढे उत्तमराव नावाचा दांडगा माणूस, हातात बैलगाडीची उभारी, जाड लाकडी दांडा.

"रिकामे हायेत भाऊ, सावलीसाठी मीच..." देवरावांचं वाक्य पुरं झालं नाही. उभारी त्यांच्या डोक्यावर बसली. ते गुडघ्यांवर आले, तशी दुसरी पाठीत बसली. मागच्यांनी ट्रे ओढून जमिनीवर आपटले. माती, काच, रोपं चपलांखाली चिरडली गेली. देवरावांच्या कानामागून रक्त निघून शर्टाच्या खिशापर्यंत आलं.

जेबा सूक्ष्मदर्शकाला पाठ लावून उभी होती. उत्तमरावनं उभारी तिसऱ्यांदा उचलली, तेव्हा तिनं स्टँड दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट आला. उभारी खाली पडली. तिनं पुन्हा मारलं. खांद्यावर, बरगड्यांवर. तो पडला तरी मारलं. तिचा चेहरा पाहून बाकीचे दाराकडे सरकले.

मागून दोन हातांनी तिला कवेत घेतलं आणि स्टँडसकट मागे ओढलं.

"बाई, बस. पडला तो. बस झालं."

देवराव होते. त्यांच्या रक्तानं तिची ओढणी भिजत होती. तिचे हात अजून झटके देत होते. ते थांबेपर्यंत त्यांनी मिठी सोडली नाही.

सोबतच्यांनी उत्तमरावला उचलून दवाखान्यात नेलं. जेबानं ओढणी फाडून देवरावांचं डोकं बांधलं.

"चला, ऑटो बघते."

"ऑटो भेटते. घड्याळ पाहा पयले."

घड्याळात बारा वाजून दोन मिनिटं झाली होती, म्हणजे खरे बारा. सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालूच होता. ती वाकली. भिंगाला डोळा लावला.

"मी किती वेळा मारलं, काका?"

"सात. पयल्यातच काठी सुटली होती त्याची."

तिनं काही मिनिटांत पन्नास पेशी मोजल्या. मग वही उघडून लिहिलं: वेळ चाळीस मिनिटं. आत हिरवे ठिपके, एकेचाळीस पेशी. कडेला रेघ तशीच, नऊ.