चार जूनची लस

प्रांजलला चूक सापडली तेव्हा तिच्या आजोबांच्या, जानकूतात्यांच्या, एकोणीस मेंढ्या पुरून झाल्या होत्या.

पिंपळवंडीच्या मेंढपाळांना लसीचे मेसेज पाठवायचं काम तिने पुण्याच्या ऑफिसात हौसेने मागून घेतलं होतं. कळपाच्या लसीची तारीख भरली की ती तारीख डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसीजरकडे, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या हुकमाकडे जायची, आणि आदल्या दिवशी मालकाला मेसेज. साधं काम. पण या शहाणीने तारीख नुसता मजकूर म्हणून दिली, ०४/०६ अशी. सर्व्हर परदेशी वळणाचा, तो महिना आधी वाचतो. चार जूनचा झाला सहा एप्रिल, आणि उलटून गेलेल्या दिवसाचा मेसेज कोण पाठवणार? चाचणी तिने घेतली होती पाच मेला. ०५/०५. उलटं वाचा की सुलटं, तारीख तीच. बाईसाहेब खूश होऊन घरी गेल्या होत्या.

तात्या जन्मभर मृग लागायच्या आत लस टोचून घेत आले. बाकीच्यांनी यंदाही मेसेजची वाट न बघता तसंच केलं. शेजारच्या भागूने आठवण करून दिली, तर तात्या म्हणाले, "आमच्या प्रांजलचा मेसेज येणार हाय. त्याच्या आदी टोचायची न्हाई." पाऊस पडला, कोवळं गवत आलं आणि ज्याची ती लस होती त्या आंत्रविषार या आतड्याच्या रोगाने तीन दिवसांत मेंढ्यांचं निम्मं वाडगं रिकामं केलं.

ती गावी पोचली तेव्हा तात्यांना वाटत होतं, आपल्याच मोबाइलला रेंज नव्हती. प्रांजलला ते तसंच राहू द्यावंसं वाटलं. पण इतरांच्या दुसऱ्या डोसच्या तारखा जुलैत होत्या आणि त्याही उलट्या पडल्या होत्या.

"तात्या, मेसेज गेलाच नव्हता. चूक माझी हाय."

तात्या वाडग्याच्या कुडाला टेकून बसले होते. शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"दुसऱ्यांच्या तारखा?" त्यांनी विचारलं.

"त्या बी चुकल्यात. आता दुरुस्त करते."

"कर. मी फोन लावतो. मशीनवर राहायला नगं."

ओट्यावर बसून तिने प्रोसीजर बदलली. मजकूर घ्यायचाच नाही, तारीख तारीख म्हणूनच घ्यायची, असं केलं आणि एकेक नोंद नव्याने भरू लागली. शेजारी तात्या मोठ्याने बोलत होते.

"भैरवनाथ, दुसरा डोस पाच जुलैला हाय तुझा. कागदावर लिवून ठेव. मेसेजवर राहू नगं... माझं व्हय? माझा मेसेज टायमात आला व्हता रं. मीच इसरलो. म्हातारपण, दुसरं काय."

प्रांजलची बोटं थांबली. तिने मान वर केली. तात्या तिच्याकडे न बघता पुढचा नंबर शोधत होते. त्या दुपारी त्यांनी अकरा जणांना तेच सांगितलं.